पॅटर्नबाहेरचा विषय

नांदेड जिल्ह्याच्या कंधार तालुक्यात घोडज नावाचं गाव आहे. २०२० साली तिथल्या नदीत तीन मुलं बुडू लागली. गावातल्याच एका शाळकरी मुलानं पाण्यात उडी घेतली आणि दोघांना काठावर आणलं. तिसरा वाचला नाही. २०२१ च्या जानेवारीत या मुलाला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. त्याआधी २०१७ च्या उन्हाळ्यात याच जिल्ह्यात, अर्धापूर तालुक्यातल्या पार्डीला, चौघी जणी पाण्यात बुडत होत्या. तिथेही एक शाळकरी मुलगाच धावला. दोघी वाचल्या, दोघी गेल्या. त्यालाही राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला.

अशा बातमीचं पुढे काय होतं, हे सगळ्यांना पाठ आहे. शाल, श्रीफळ, फेटा, पालकमंत्र्यांसोबत फोटो, आणि शाळेच्या परिपाठात आठवडाभर त्याच नावाचा गजर. वाचलेल्यांचा आकडा प्रत्येक भाषणात येतो. न वाचलेल्यांचा सहसा येत नाही. दहावीतल्या पोरानं हात दिला आणि एक हात सुटला, ही गोष्ट सत्काराच्या मांडवात सांगता येण्यासारखी नसते. ती सांगायला दुसरी जागा लागते, ऐकणारा दुसरा माणूस लागतो. तो शाळेत असतो का, हा या लेखनाचा विषय आहे. पाण्यात उडी घ्यायची हिंमत मुलात येते कुठून, आणि उडी घेऊन बाहेर आल्यावर त्याला सावरतं कोण?

या दोन्ही प्रश्नांसाठी मराठीत शब्दांची थोडी पंचाईत आहे. ‘चारित्र्य’ हा शब्द फार जड. तो आत्मचरित्रात, शोकसभेत किंवा संशयात वापरायचा. शाळेत तो फक्त एका कागदावर उरला आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा रकाना असतो आणि त्यात पिढ्यानपिढ्या एकच उत्तर लिहिलं जातं: चांगली. ज्याला आठवड्यातून तीनदा वर्गाबाहेर उभं केलं त्याचीही चांगली आणि जो दहा वर्षं तोंडातून शब्द न काढता मागच्या बाकावर बसला त्याचीही चांगली. दुसरा शब्द पडून उठण्याच्या ताकदीचा. पुस्तकात त्याला लवचिकता म्हणतात, पण लवचिकता वेताच्या छडीलाही असते. ‘जिद्द’ चालला असता, मात्र ती जिंकण्यासाठी असते. हरल्यावर काय करायचं ते जिद्द सांगत नाही. मराठवाड्यात गावाकडची माणसं म्हणतात, ‘लेकरात दम आहे.’ त्यातल्या त्यात हा शब्द जवळचा. दम धरायचाही असतो, टिकवायचाही असतो आणि सुटायचाही असतो.

लातूर आणि नांदेड या शेजारच्या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला शिक्षणातले दोन ‘पॅटर्न’ दिले. एक सगळ्यांना माहीत आहे. दुसरा विसरला गेला, किंवा सोयीनं विसरू दिला गेला.

पहिला अर्थात लातूरचा. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झालं. डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे पहिले प्राचार्य. पुढे १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, त्याचेही पहिले कुलगुरू तेच. त्यांच्या नंतरचे प्राचार्य डॉ. अनिरुद्ध जाधव यांच्या काळात, म्हणजे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, लातूर पॅटर्नला आकार आला. त्यात जादू काही नव्हती. अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, उरलेल्या दिवसांत सराव परीक्षांवर सराव परीक्षा घ्यायच्या, उत्तरपत्रिका मुलाला समोर बसवून दाखवायची, सुट्ट्या कापायच्या, प्राध्यापकानं पहाटेही वर्गावर यायचं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत तोवर पुण्या-मुंबईच्या शाळा-कॉलेजांची मक्तेदारी होती. त्या यादीत लातूरची नावं एकामागून एक यायला लागली. बोर्डानं पुढे गुणवत्ता यादीच बंद केली, पण तोवर लातूर हे गाव न राहता विशेषण झालं होतं.

या पॅटर्नला नावं ठेवणं आता फॅशन झाली आहे, म्हणून त्याच्या बाजूचं एक वाक्य आधीच लिहून ठेवायला हवं. निजामाच्या राज्यात ज्या मुलखात मातृभाषेतून शिकायला शाळा मिळायची मारामार होती, जिथे १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा काढावी लागली आणि स्वामी रामानंद तीर्थांसारख्या माणसाला तिथे मास्तरकी करता करता स्वातंत्र्याची बाराखडी गिरवून घ्यावी लागली, त्या मुलखातलं पोर ‘ढ’ नसतं हे लातूरनं साऱ्या राज्याला आकड्यांत दाखवून दिलं. अहमदपूरच्या, देगलूरच्या, मुदखेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात डॉक्टर झाला तो या शिस्तीमुळे. कष्टाची सवय हा चारित्र्याचाच भाग आहे, आणि ती इथे हजारो मुलांना लागली.

खोट दुसरीकडे आहे. सराव परीक्षा पन्नास होतात. नापास होण्याचा सराव एकदाही होत नाही. लातूरच्या ट्यूशन एरियात जून-जुलैमध्ये फेरी मारली तर हे दिसतं. खोली, मेस, अभ्यासिका, झेरॉक्सचं दुकान, फ्लेक्सवर गुणांसह झळकणारे चेहरे. मे महिन्यातल्या एका रविवारी वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण, त्यावर सगळं. ज्यांचं होत नाही त्यांच्यासाठी एक शब्द आहे: ‘रिपीटर’. हा शब्द इथे सहज उच्चारला जातो, बॅचचं नाव म्हणून. सतरा वर्षांच्या मुलाची ओळख त्याच्या एका अपयशावरून ठरवणारा शब्द फीच्या पावतीवर छापला जातो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. दुसऱ्यांदा परीक्षेला बसायला खरं तर पहिल्यापेक्षा जास्त दम लागतो. फ्लेक्सवर मात्र त्याची नोंद करायला जागा नसते.

आता दुसरा पॅटर्न.

महाराष्ट्रात परीक्षेतले गैरप्रकार रोखण्याचा कायदा १९८२ सालचा आहे. कायदा होता आणि कॉपीही होती. दोघं अनेक वर्षं सुखानं एकत्र नांदले. दहावी-बारावीच्या केंद्राभोवती खिडकीवर चढणारे भाऊ, पाण्याच्या घागरीसोबत आत जाणाऱ्या चिठ्ठ्या आणि ‘आमच्या केंद्रावर काळजी करू नका’ असं पालकांना सांगणारे संस्थाचालक, हे दृश्य मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नसे. २०१० साली नांदेडचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम उघडली. भरारी पथकं होतीच. बैठी पथकं आली, केंद्राभोवती बंदोबस्त आला, महसुलापासून शिक्षण खात्यापर्यंतची यंत्रणा परीक्षेच्या दिवसांत रस्त्यावर उतरली. त्या वर्षी नांदेडचा निकाल कोसळला. ओरड झाली, ती व्हायचीच होती. पण पुढच्या वर्षांत दोन गोष्टी घडल्या: शाळांना शिकवावं लागलं, आणि निकाल सावरत गेला. राज्यानं या मोहिमेची दखल घेतली.

त्याच जिल्ह्यातून आणखी एक उपद्व्याप निघाला, पटपडताळणीचा. शाळेच्या पटावर जितकी मुलं आहेत तितकी खरोखर वर्गात आहेत का, हे मोजायचं. नांदेडमध्ये मोजणी झाल्यावर जे सापडलं त्यानं सरकारला झोप लागेना, आणि ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस राज्यभर ही पडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली गेली. मतदानाला लावतात तशी. लाखो नावं अशी निघाली की ज्यांना बोट नव्हतं.

इथे थांबून एक साधा हिशेब करावा. ज्या शाळेच्या पटावर खोटी मुलं आहेत, त्या शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी सुविचार लिहिला जातो. सत्य, सचोटी, वक्तशीरपणा. वर्गातल्या खऱ्या मुलांना शेजारची खोटी मुलं माहीत असतात. तपासणीच्या दिवशी कुणाच्या नावाला कुणी ‘हजर’ म्हणायचं, हेही माहीत असतं. मग मूल त्या दिवशी काय शिकलं? फळ्यावरचं की हजेरीतलं?

याचं उत्तर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत मोजून झालं आहे. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी १९२० च्या दशकात सुमारे अकरा हजार शाळकरी मुलांना निरनिराळ्या प्रसंगांत ठेवून पाहिलं: उत्तरं समोर असताना स्वतःचे गुण स्वतः द्यायचे, खेळात स्वतःचा आकडा स्वतः सांगायचा, असे प्रसंग. १९२८ साली निष्कर्ष छापले गेले आणि नीतिपाठ देणाऱ्यांची पंचाईत झाली. प्रामाणिक मुलं आणि लबाड मुलं अशा दोन जाती सापडेनातच. एकच मूल एका ठिकाणी सरळ वागत होतं, दुसऱ्या ठिकाणी फसवत होतं. प्रामाणिकपणाबद्दल त्याला काय ठाऊक आहे यापेक्षा तो प्रसंग कसा रचलेला आहे, यावर जास्त ठरत होतं. नांदेडनं २०१० साली या अभ्यासाचं नावही न घेता तोच प्रयोग जिल्हाभर केला. फेब्रुवारीत कॉपी करणारी आणि नंतर न करणारी मुलं त्याच मातीतली, त्याच घरांतली होती. बदलली होती ती मोठ्या माणसांची वागणूक.

म्हणून मुलांच्या चारित्र्याबद्दल बोलायला बसलं की बोलणं हळूहळू मोठ्यांच्या चारित्र्याकडे वळतं, आणि तिथे आल्यावर विषय बदलण्याची प्रथा आहे. २०२४ च्या जूनमध्ये नीट परीक्षेतल्या गैरप्रकारांच्या प्रकरणात लातूरला गुन्हा दाखल झाला. संशयितांमध्ये जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक होते. दोष ठरवणं न्यायालयाचं काम आहे. पण त्या आठवड्यात ट्यूशन एरियातल्या खोल्यांमध्ये रात्री दोन वाजेपर्यंत जागून अभ्यास केलेल्या मुलांनी पेपर वाचले असणार, आणि त्यांना कुणी वर्गात बसवून या विषयावर चार शब्द बोललं असेल तर ते विद्यार्थी खरे भाग्यवान. बहुतेक ठिकाणी पुढचं प्रकरण सुरू झालं असेल: रोटेशनल मोशन.

या दोन्ही पॅटर्नच्या मध्ये, काळाच्या हिशेबानं, एक पहाट आहे.

२९ सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागातली गावं विसर्जनाची मिरवणूक आटोपून झोपली होती. ३० तारखेला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हादरली. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती आणि त्यावर मातीचं वजनदार माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर काही सेकंदांत घरच्यांवर आलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं. सरकारी आकडा आठ हजारांच्या घरातला. लोक दहा हजार म्हणतात. बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली. भूगोलाच्या पुस्तकात दख्खनचं पठार ‘स्थिर’ म्हणून शिकलेल्या मुलांच्या पायाखाली हे घडलं होतं.

त्या दिवसांत भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था मदतीला पोहोचले. मूळचे बीड जिल्ह्यातले, धंद्यानं पुण्यात स्थिरावलेले, १९८५ साली ही संघटना उभी करणारे. मदत म्हणजे धान्य, ताडपत्री, कपडे. ते सगळे देत होते. मुथ्थांच्या डोळ्यांत भरली ती ढिगाऱ्यांभोवती फिरणारी लेकरं. शाळा नाही, घर नाही, कितीकांचे आईबाप नाहीत. त्यांनी भूकंपग्रस्त कुटुंबांतली बाराशे मुलं शिकायला पुण्याला नेली, आणि वाघोलीला त्यांच्यासाठी शाळा आणि वसतिगृह उभं राहिलं. 

बाराशे हा आकडा लिहायला सोपा आहे. बाराशे ताटं, बाराशे अंथरुणं, रात्री दचकून उठणारी मुलं, दिवाळीला कुणाकडे जायचं हे विचारणारी मुलं, गावाकडून कुणी भेटायला आलं की शेजारी मुकाट बसणारी मुलं. त्यांना मानसशास्त्राचं पुस्तक उपयोगी पडलं नसतं. ठरल्या वेळी वाजणारी घंटा, ठरल्या जागी असलेली गादी, गावचाच एखादा मित्र आणि रोज तेच दिसणारं एखादं मोठं माणूस, एवढं पुष्कळ होतं. घर पडलेल्या मुलाला आधी वेळापत्रक हवं असतं. आज तेच उद्या होईल, असं म्हणणारी भिंत हवी असते.

मुलांना मातीपासून तोडून शहरात न्यावं का, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. त्याचं दुसरं उत्तर लोहारा तालुक्यात हराळीला उभं आहे. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी भूकंपानंतर मदतीला गेली आणि मदत संपल्यावर परत आली नाही. माळरानावर निवासी शाळा काढली, झाडं लावली, शेतीचं शिक्षण सुरू केलं. एकानं मुलं शाळेकडे नेली, दुसऱ्यानं शाळा मुलांकडे नेली. कोणता मार्ग बरोबर, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण दोन्हीकडे एकच गोष्ट समान होती: फोटो काढून झाल्यावर माणसं थांबली. वर्ष, दोन वर्षं नाही. मुलं मोठी होईपर्यंत.

हवाई बेटांमधल्या काउआई बेटावर एमी वर्नर या संशोधिकेनं नेमकं हेच पाहिलं. १९५५ साली त्या बेटावर जन्मलेल्या ६९८ मुलांवर तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं नजर ठेवली. गरिबी, घरात भांडणं, व्यसनी किंवा आजारी पालक, अशा अडचणींच्या गराड्यात त्यातली जवळपास तिसरा हिस्सा मुलं वाढली. त्यांतल्या बहुतेकांची पुढे परवड झाली. तरी त्यांच्यातलीच बहात्तर मुलं धडधाकट, कर्ती, माणसांत रमणारी झाली. वर्नरनं त्यांच्या आयुष्यात सारखेपणा शोधला. काहींचा स्वभाव लहानपणापासून हसरा होता, काहींच्या अंगावर घरातली खरीखुरी कामं पडली होती. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: आईबाप नाही तर आजी, मावशी, शेजारीण, एखादे गुरुजी. कुणीतरी एक, जो त्या मुलाला सोडून गेला नाही. आपल्याकडे हे सांगायला बेटावर जायची गरज नव्हती. मराठवाड्यातल्या कुठल्याही कर्त्या माणसाला विचारावं, तो दहा मिनिटांत एका मास्तरांचं नाव घेतो.

वाघोलीच्या अनुभवातून मुथ्थांचं लक्ष शिक्षणाकडे लागलं ते कायमचं. २००९ साली बीड जिल्ह्यातल्या पाचशे जिल्हा परिषद शाळांमध्ये ‘मूल्यवर्धन’ नावाचा उपक्रम सुरू झाला. पुढे राज्य सरकारच्या साथीनं तो इतर जिल्ह्यांतही पसरला. मूल्यशिक्षण राज्यात नवं नव्हतं. परिपाठ होताच: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, मौन. श्रमप्रतिष्ठेपासून वक्तशीरपणापर्यंत दहा मूल्यांची यादी शिक्षकांना तोंडपाठ. मूल्यवर्धननं बोधकथा बाजूला ठेवली आणि मुलांना एकमेकांकडे तोंड करून बसवलं. जोडीनं बोला, गटात ठरवा, वर्गाचे नियम तुम्हीच करा. पाया म्हणून संविधानातली मूल्यं घेतली: न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. 

हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण चौथीच्या वर्गात मुलांनी ‘कुणी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही’ असा नियम स्वतः केला, आणि त्या नियमात गुरुजीही आले, की गुरुजींची खरी परीक्षा सुरू होते. सगळीकडे ते पास झाले, असं म्हणायचं कारण नाही. सरकारी उपक्रम जसा पसरतो तसा पातळ होतो. अहवालाचे रकाने भरले की काही शाळांमध्ये काम संपतं. पुस्तिका कपाटात जातात. तरी बोधकथा ऐकून झोपणाऱ्या वर्गापेक्षा नियमावरून भांडणारा वर्ग कधीही बरा.

नियम मुलांनी करायचे हे मान्य केलं, तर कधी कधी मोठ्यांनी केलेले नियम मुलांना मोडावे लागतात, हेही मान्य करावं लागतं. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या हासेगावची गोष्ट अशीच आहे. २००७ साली रवी बापटले यांनी तिथे ‘सेवालय’ सुरू केलं, एचआयव्ही घेऊन जन्मलेल्या मुलांसाठी. यांतल्या कितीतरी जणांचे आईवडील त्याच आजारानं गेलेले. ही मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली तेव्हा पालकांनी हरकत घेतली. आपली मुलं त्यांच्या शेजारी बसणार नाहीत, असं सांगितलं. एचआयव्ही शेजारी बसून होत नाही, हे विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात छापलेलं होतं. ज्या वर्गात ते वाचायचं, त्याच वर्गाच्या दारात हा वाद झाला. विरोध हळूहळू निवळला, पण निवळायला जे दिवस लागले ते त्या मुलांनी काढले.

सेवालयातल्या मुलांची चिकाटी भाषणात सांगण्यासारखी नाही. ती रोजच्या गोळीत आहे. ठरल्या वेळी, एकही दिवस न चुकवता, आयुष्यभर. सण असो, ताप असो, परीक्षा असो. आठवीतल्या मुलाला हे जमतं तेव्हा त्याला निराळा नीतिपाठ कशाला हवा? या मुलांनी पुढे ऑर्केस्ट्रा काढला, ‘हॅपी म्युझिक शो’ नावानं, आणि गावोगाव गाणी म्हटली. अठरा वर्षांवरच्यांसाठी जी वस्ती झाली तिचं नाव ‘हॅपी इंडियन व्हिलेज’. या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून पाहिली की ठेवणाऱ्याचा खट्याळपणा कळतो. ज्या तीन अक्षरांमुळे शाळेचं दार लावलं गेलं, तीच अक्षरं त्यांनी कमानीवर लावली. दम म्हणजे काय, याचा अर्थ शब्दकोशात शोधणाऱ्यांनी एकदा औशावरून पुढे जाऊन यावं.

आणि अपयशाचं काय? त्यासाठी नांदेडला यावं लागतं. नरहर कुरुंदकर, १९३२ चा जन्म, कुरुंदा गावचे. या माणसानं मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत आणि शिवाजी महाराजांपासून संगीतापर्यंत कशाकशावर लिहिलं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण हे कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झाले होते. ते प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले, शिकवता शिकवता शिकत राहिले, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि शेवटी तिथलेच प्राचार्य. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. आजच्या भाषेत ते ‘रिपीटर’. त्यांच्या शहराला, त्यांच्या भोवतीच्या माणसांना, त्या निकालापलीकडचा माणूस दिसला, म्हणून मराठवाड्याला कुरुंदकर मिळाले. पंचवीस-तीस किलोमीटर अंतरावरच्या एखाद्या गावात आज तसाच वाचणारा, वाद घालणारा, गणितात किंवा इंग्रजीत अडकणारा मुलगा असेल, तर त्याला कोणत्या बॅचमध्ये टाकलं जाईल?

अलीकडे शाळांच्या कार्यशाळांमध्ये ‘ग्रिट’ हा शब्द ऐकू येतो. अँजेला डकवर्थ यांच्या २०१६ च्या पुस्तकानं तो जगभर नेला. दीर्घकाळ चिकाटीनं एका ध्येयामागे राहणं, असा त्याचा साधारण अर्थ. कल्पना वाईट नाही. लातूरला ती आधीच ठाऊक होती. धोका तिच्या वापरात आहे. गरिबाच्या लेकराचं कौतुक करता करता त्याच्या वाट्याला आलेल्या अडचणींनाच पोषक आहार ठरवण्याची सवय लागते. ‘बघा, दिव्याखाली शिकला!’ दिवा का नव्हता, हे मग विचारायचं राहून जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात रात्री-अपरात्री टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या राहिलेल्या पोरींचा चिवटपणा निर्विवाद आहे. पण त्यांच्या अभ्यासाचे ते तास कुणी घेतले, हाही प्रश्न निर्विवाद आहे. चिवटपणाचं कौतुक करणाऱ्यानं पाइपलाइनचाही हिशेब मागावा, नाहीतर कौतुक फार स्वस्तात पडतं.

या चिवटपणाची सगळ्यात मोठी कसोटी दिवाळीनंतर लागते. मुखेड, कंधार, लोहा, इकडे जळकोट, अहमदपूर. बालाघाटाच्या डोंगरातली गावं आणि तांडे. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन ट्रकमध्ये बसतात आणि पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांच्या मागे मुलांचं काय करायचं, हे प्रत्येक घरात त्याच आठवड्यात ठरतं. म्हातारी घरी असेल तर लेकरं मागे राहतात. नसेल तर ट्रकमध्ये. धाकट्याला सांभाळायला थोरली लागते, म्हणून तिची शाळा आधी सुटते. सरकारनं यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना काढली: मुलांनी गावातच राहायचं, शाळेत जायचं, दोन वेळचं जेवण तिथे मिळायचं. जिथे मुख्याध्यापक घरोघर फिरून, आईबापांना ट्रक निघण्याच्या आधी गाठून, ‘पोरीला ठेवून जा, मी बघतो’ म्हणतात, तिथे ती चालते. निधी डिसेंबर उलटून आला तर चालत नाही, कारण तोवर ट्रक कारखान्यावर पोहोचलेला असतो.

२०११ ला ज्या पटावर खोटी नावं शोधली गेली, त्याच पटावर दर नोव्हेंबरला खरी नावं पुसट होत जातात. एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, आणि कोयते परत येतात. तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली किंवा होऊन गेलेली असते. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी सहावीच्या वर्गात एक मुलगी दारात उभी राहते. सहा महिने पाचटात राहिलेली, बोटांवर उसाच्या पात्याचे चरे असलेली. आत बसायचं की धाकट्यांसोबत पाचवीत, हे तिला माहीत नसतं. गुरुजी हजेरी घेत असतात. तिचं नाव यादीत आहे.